भाजीची वेबसाइट आणि गोठ्यातला कॅमेरा

मी कम्प्युटर शिकलेली सून आहे. त्याचा त्रास वेबसाइट काढेपर्यंत फक्त घरच्यांनाच व्हायचा.

आमचं घर शेलूबाजारच्या बाहेर, मळ्यातच. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, टमाटे. एक दिवस मी जाहीर केलं, की आपल्या भाजीची वेबसाइट काढायची, आणि तीसुद्धा आपल्याच घरातून चालवायची.

नवरा म्हणाला, "दुसऱ्याच्या कम्प्युटरवर ठेवली त काय बिघडते?"

"घरी विहीर असताना शेजाऱ्याकडून पाणी आणता काय?" मी म्हटलं. (उत्तर झकास जमलं होतं. त्यानंतरचं काहीच जमलं नाही!)

माहेरचा जुना कम्प्युटर धान्याच्या कोठीशेजारी मांडला. तो तापतो म्हणून त्याला टेबलफॅन लावला. टेबलफॅन सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा होता. नेटवाल्याकडून घराला इंटरनेटवरचा कायमचा पत्ता घेतला. मग राऊटरला बजावलं, की बाहेरून कोणी आलं तर त्याला अमक्या नंबरच्या यंत्राकडे पाठव. हे नंबर राऊटर स्वतःच वाटतो, आणि लाईट जाऊन आली की वाटपात घोळ होऊ शकतो, हे मला माहीत होतं. परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता. तो मी ऑप्शनला टाकला होता.

घरात नेटला जोडलेलं दुसरं यंत्र म्हणजे गोठ्यातला कॅमेरा. भुरी म्हैस व्यायला झाली तेव्हा बसवलेला, आवाजासकट! मामाजींना त्याचा पासवर्ड आठवायचा नाही आणि ते फोनवर खेकसायचे, म्हणून पासवर्ड मीच काढून टाकला होता.

सकाळी वेबसाइट सुरू झाली. मी गावच्या ग्रुपवर पत्ता टाकला: 'थेट मळ्यातून! अवश्य पाहा!' दुपारी लाईट गेली. संध्याकाळी आली तेव्हा कॅमेरा आधी जागा झाला आणि कम्प्युटरचा नंबर घेऊन बसला. मला पत्ता नाही. मी कम्प्युटर लावला, वेबसाइट पाहिली. वांगी जागच्या जागी. (असणारच! मी पाहत होते त्याच कम्प्युटरच्या पोटात होती ती.)

थोड्या वेळात राऊटरचे दिवे लखलखायला लागले.

"अहो, लोक येऊन राह्यले!" मी नवऱ्याला ओरडून सांगितलं.

फोनवर मेसेजही धडकायला लागले. 'वहिनी, लय भारी!' 'अख्खा चौक पाहून राह्यला!' एकाने विचारलं, 'दूध बी देता काय?' मी लिहिलं, 'नाही, फक्त भाजी. पण पाहत राहा!'

ती मामाजींची धार काढायची वेळ होती.

इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. मामाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ शामराव काका यांचं बोलणं बंद होतं. एका लग्नाच्या वेळी काकांनी जऊळक्याच्या स्टेशनावरून सगळे पाहुणे जीपमध्ये कोंबून आणले आणि सख्ख्या थोरल्या भावाला फलाटावर विसरले. तेव्हापासून मामाजी माणसांशी मोजकंच बोलत. बाकीचं सगळं भुरीशी.

त्या संध्याकाळी भुरीने जे ऐकलं ते चौकातल्या चहाच्या टपरीवर पंधरावीस जणांनी एका फोनभोवती घोळका करून ऐकलं. सुरुवात माझ्यापासून होती.

"सूनबाईनं त्या डब्ब्याले पंखा लावला, भुरे. डब्बा हवा खाते, म्या घाम पुसतो! इचारलं त म्हणते, गिऱ्हाईक येतीन. कोठून येतीन? त्या वायरीतून?"

टपरी हसली. चरवीत धारेचा आवाज येत राहिला.

"शाम्याले वाटते, मले जीपचा राग हाय. जीपचा नाही गा राग! पैदल आलो असतो म्या. पण गाडी सुरू करतानी 'दादा बसला काय?' इतकं त इचारते मानूस! लहानपनी माह्या खांद्यावर बसून जत्रा पाहे थो. आता घरात गोडधोड झालं का घास उतरत नाही मले. पण म्या काहून जाऊ पह्यले? मोठा हाय मी!"

टपरीवर कोणी हसलं नाही म्हणतात. कारण घोळक्याच्या मागे शामराव काका उभे होते, आणि त्यांच्या हातातला चहा निवून गेला होता.

आमच्या दारात जीप थांबली तेव्हा मी धावत बाहेर आले. जीप भरून माणसं! मी म्हटलं, "या, या! कोनाले कोनती भाजी पायजे?"

कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काका गोठ्यापाशी गेले. मामाजी चरवी घेऊन बाहेर येत होते.

काकांनी जीपकडे बोट केलं.

"दादा... बसला काय?"

मामाजींनी चरवी सावरली. "तुले कोनं सांगतलं बे हे?"

"तुह्या भुरीनं!"

मामाजींनी वळून भुरीकडे संशयाने पाहिलं. मग भावाकडे. मग चरवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "दूध पुरं घाल चहात. पानी टाकू नको."

दोघं भाऊ बाजेवर बसले, आणि बराच वेळ नुसती एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी झाली.

नवऱ्याने स्वतःच्या फोनवर वेबसाइट उघडली आणि वांग्यांऐवजी भुरी दिसली, तेव्हा खरा प्रकार उलगडला. मामाजींना सांगायची हिंमत मलाच करावी लागली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "फाटकी बनेन दिसे काय?"

"दिसत होती, मामाजी."

"मंग बाकीचं जाऊ दे," म्हणाले, आणि टेबलफॅन उचलून घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी मी कॅमेऱ्याला पासवर्ड लावला, कम्प्युटरचा नंबर पक्का केला, आणि वेबसाइट अख्ख्या जगाला अगदी बरोबर दिसायला लागली. संध्याकाळी पहिलाच फोन काकांचा.

"सूनबाई, तुह्यं थे मशीन बिघडलं काय वं? आमी सारे टपरीवर बसून हावो, अन् नुसते वांगेच दिसून राह्यले!"