दवाखान्यापुरती बहीण

नगरच्या एका शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवते. ‘ॲडमिट’ या क्रियापदाचा अर्थ विचारला, की अख्खा वर्ग एका सुरात सांगतो, दवाखान्यात ठेवणं. आत घेणं, कबूल करणं हे अर्थ फळ्यावर मलाच लिहावे लागतात. पोरांना काय बोलू? आमच्या घरातही या शब्दाचा तेवढा एकच अर्थ चालला.

मी बौद्ध मुलाशी लग्न केलं, त्या दिवसापासून कोपरगावजवळच्या माहेराचं दार मला बंद. बंद करणारा माझा थोरला भाऊ. पुढं आई अंथरुणाला खिळली, तरी त्यानं मला तिला भेटू दिलं नाही. फोन लावला की वहिनी सांगायची, झोपल्यात.

मग दादा नगरला ॲडमिट झाला. हृदयाचं ऑपरेशन. आमच्याकडे कितीही वाकडं असलं, तरी माणूस दवाखान्यात आहे म्हटल्यावर भेटायला जावंच लागतं. नाही गेलं तर लोक तोंडात शेण घालतात. मी गेले. आईला टाकून वहिनीला रोज येणं जमेना, म्हणून डबाही माझ्याच घरून जाऊ लागला. ज्या घरचं पाणी त्याला चालत नव्हतं, त्या घरची ज्वारीची भाकरी आणि दोडक्याची भाजी तो मुकाट खायचा. वर म्हणायचा, मीठ कमी हाय.

एकदा धीर करून विचारलंच, दादा, आपलं चुकलं असं कधी वाटतं का रे? त्यानं तोंड भिंतीकडे केलं. मला मेलीला तेवढंही पुरलं. म्हटलं, कबूल नको करू बाबा, पण आता आईला तरी भेटू देशील.

त्याला घरी सोडल्यावर आठवड्यानं मी माहेरी गेले. दादा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. समोर चुलत्यांचं घर, तिथं दोघंतिघं उभे. मी फाटकाच्या कडीला हात घातला, तसा तो उठून जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “दवाखान्यातलं येगळं हुतं. हितं भावकी बघती.”

असा संताप आला, की हातातली पिशवी त्याच्या अंगावर फेकावी. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. कोण आलंय, विचारत होती.

दादानं कडी दाबून धरली आणि मागं वळून सांगितलं, “कुनी न्हाई.”