आईसाठी घेतलेलं ताट

माझी बॅग आम्ही भाताच्या गिरणीतल्या काट्यावर मोजली. विमानवाल्यांचा नियम तेवीस किलोचा, आणि आमच्या घरात वजनकाटा कुठला असायला? विमानतळावर नेणारी गाडी गिरणीपुढे उभी होती, दादा बॅग उचलून काट्यावर ठेवत होता आणि काटा सव्वीसच्या खाली यायला तयार नव्हता. शेवटी तिथेच कोंड्याच्या पोत्यांजवळ फतकल मारून मी बॅग उघडली. साड्यांच्या घड्यांमध्ये स्टीलची चार ताटं निघाली. आई दुसरीकडे बघत उभी.

"आई, जर्मनीत लोक काय हातावर जेवतात का गं?"

"आपली असावीत चार," ती म्हणाली. "लोकांच्या भांड्यात जेवायची पाळी येऊ नये लेकराला."

मला हसू आलं आणि रागही. मी ताटं काढून तिच्या हातात दिली, चेन ओढली, गाडीत बसले. गाडी हलली तेव्हा तिच्या दोन्ही काखांत दोन-दोन ताटं होती, त्यामुळे तिला धड हातही हलवता आला नाही. मळवली सोडतानाचं माझ्याजवळ आहे ते एवढंच. ज्यांनी घर सोडलं त्या प्रत्येकाजवळ असं काहीतरी असतं, आणि जे मागं राहिले त्यांच्याजवळ त्याच क्षणाचं दुसरंच काहीतरी. आपण एकमेकांना ते कधी विचारत नाही.

आईला ताटांचा नाद होता. कुणाला सोन्याचा असतो, कुणाला लुगड्यांचा, हिला ताटांचा. मळवलीत एका मुंबईच्या कुटुंबाचा बंगला होता, त्याची झाडलोट, राखण, ती लोकं शनिवार-रविवारी आली की स्वयंपाक, सगळं ती करायची. महिन्याचा पगार झाला की पहिल्या सुट्टीला लोणावळ्याच्या बाजारात. मला सोबत घ्यायची. मला वाटायचं चिक्की मिळेल. चिक्कीच्या दुकानांवरून ती अशी तरातरा जायची की जणू तिथं दुकानंच नाहीत. थेट भांड्यांचं दुकान. तिच्या पिशवीत घरातलं एक ताट असायचं, नमुन्याला. नवं ताट त्याच्यावर ठेवून कड जुळते का बघायची, बोटाच्या पेरानं वाजवून कानाजवळ धरायची, कडेवरून अंगठा फिरवायची.

"काय मावशी, आज पण ताटाला फिरायला आणलंत?" दुकानदार चिडवायचा.

"तसलंच द्या शेठ. येका घाटाचंच पायजे. रेसभर बी इकडं-तिकडं नगं."

तासभर ती दुकानातली अर्धी चळत खाली काढायला लावायची, आणि एक ताट घेऊन निघायची. एकच. पण त्या दिवशी तिची चाल बघण्यासारखी असायची बरं का! दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा बसायचा, मशीन घेऊन. आमच्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव कोरून घ्यायची रीतच आहे, नाहीतर लग्नाकार्यात हरवतं. तो विचारायचा, "नाव काय घालू?" आई म्हणायची, "काय नगं. ज्याच्या हाताला यील त्याचं." मला वाईट वाटायचं. सगळ्या मैत्रिणींच्या घरी ताटांवर नावं होती.

ती असं का करते ते मला बंगल्यावर कळलं, आणि तेही अर्धंच. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. त्यांच्या काचेच्या कपाटात सोनेरी कडेच्या प्लेटा होत्या, मी नाक काचेला लावून बघत बसायचे. आईचं ताट आणि कप मात्र मागच्या दाराबाहेर, मोरीच्या कट्ट्यावर पालथे. तिथंच वाढून घ्यायचं, तिथंच जेवायचं, आपलं आपण घासून परत तिथंच. आम्ही बौद्ध म्हणून की ती कामवाली म्हणून, ते मला कधी कळलं नाही. बाई बोलायला गोड होत्या. मी एकदा आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझी आय गावात लग्नाला जाताना घरनं ताट घेऊन जायची. समद्यांची पंगत उठली की मग लांब बसायचं, आपलं ताट पुढं करायचं. माझ्या घरात कुणाचं ताट येगळं न्हाई ऱ्हाणार." एवढं बोलून ती तांदूळ निवडायला लागली. हा विषय तिनं पुन्हा काढला नाही. पण आमच्या फळीवर सोळा ताटं झाली, सगळी एकसारखी, आणि सणाला कुणीही येवो, गाववाला येवो की पाव्हणा, कुणाच्या पुढ्यात कुठलं आलं ते खुद्द आईलासुद्धा सांगता आलं नसतं.

मी नर्सिंग केलं, जर्मन शिकले, आणि इथं स्टुटगार्टजवळच्या एका गावात वृद्धांच्या केअर होममध्ये लागले. मिलिंद, माझा नवरा, वर्षभरानं आला. आमची लेक मैत्री इथंच जन्मली. आणि आईचा नाद माझ्यात उतरलाय हे मला इथं आल्यावर समजलं. शनिवारी इथं जुना बाजार भरतो, फ्लोमार्क्ट म्हणतात त्याला. मैदानात चादरी पसरून लोक घरातलं जुनं विकतात. मी पहिल्यांदा गेले ती एका कॉफीच्या कपासाठी, आणि निळ्या फुलांची एक प्लेट घेऊन आले. मग थांबले नाही. पालथी करून मागचा शिक्का बघायचा, उजेडात धरून तडा शोधायचा, नखानं टिचकी मारायची. हिरव्या वेलीची, कोंबडा काढलेली, कडेला जाळी असलेली. आईसारखी मीही एका वेळी एकच घ्यायचे, पण माझी एकही दुसरीसारखी नव्हती. "अगं, माणसं तीन आहेत आपण," मिलिंद म्हणायचा. मला त्यात काय मजा यायची ते त्याला सांगून कळलं नसतं. ज्या म्हाताऱ्यांच्या घरातून ती भांडी यायची त्या पुढे माझ्याच वॉर्डात यायच्या, एक सुटकेस घेऊन. हे माहीत असूनही मी घेत राहिले, कारण त्यांच्या प्लेटा निदान कुणाच्या तरी जेवणात याव्यात असं वाटायचं. निदान मी स्वतःला तसं सांगायचे.

मैत्री सहा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात आई दीड महिन्यासाठी आली. माझं कपाट उघडून बघतच राहिली. "ही काय गं सुमे? येकाची बी जोडी न्हाई. बोहारणीच्या पाटीतली उचलून आणलीस व्हय?" आम्ही पोट धरून हसलो. पहिले आठ दिवस ती रोज वेगळ्या प्लेटमध्ये जेवली. आज कोंबडा, उद्या वेल. मैत्री तिच्यासाठी निवडायची. इतकी वर्षं मी जे काही कमावलं त्यातलं सगळ्यात खरं सुख ते आठ दिवस होते.

मग ती निळ्या फुलांची प्लेट फुटली. माझी पहिली. मी कितीदा सांगितलं होतं की भांडी घासू नकोस, मशीन आहे. पण तिला उष्टी भांडी तशीच ठेवणं जमेना. साबणाच्या हातातून निसटली. मी धावत गेले तर ती तुकडे पदरात गोळा करून उभी होती, चोरी पकडल्यासारखी. "फुटली गं," म्हणाली.

"असू दे गं आई, त्यात काय." तोंडानं मी म्हणाले. पण माझं तोंड उतरलेलं तिनं बघितलंच असणार. तुकडे मी फेकले नाहीत, डिंकानं जुळतात का म्हणून खणात ठेवले, तेही तिनं बघितलं.

पुढच्या शनिवारी मी जुन्या बाजारात गेले नाही. दोन गाड्या बदलून शहरातल्या इंडियन दुकानात गेले आणि आईसाठी एक स्टीलचं ताट घेतलं. अगदी तिच्यासारखं, पेरानं वाजवून. वाटेत मी खूश होते. तिला जड चिनीमाती झेपत नाही, हात घसरतो, वरणभात कालवायला कड लागते. आपल्या ताटात ती पोटभर जेवेल. "आई, बघ तुझ्यासाठी काय आणलं!" मी दारातूनच ओरडले.

तिनं ताट हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. "चांगलं जड हाय," म्हणाली. त्या दिवशी टेबलावर आमच्या तिघांच्या नक्षीच्या प्लेटा आणि तिच्यापुढे स्टीलचं ताट. ती जेवली. उठून ताट स्वतः घासलं, आणि ते कपाटात न ठेवता बाल्कनीच्या खिडकीत पालथं घातलं. मला वाटलं, किती टापटीप आहे. वाळत ठेवलंय उन्हात. शपथेवर सांगते, आठवडाभर मला काही म्हणजे काही कळलं नाही. जिनं बंगल्याचा तो कट्टा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता तिला कळू नये? माती खाल्ली मी.

कळलं ते मैत्रीमुळे. मी पोळ्या लाटत होते. तिला आजीचं चकचकीत ताट हवं होतं, ती खिडकीकडे हात लांबवत होती. आई तिला म्हणाली, "त्यात नगं बाळा. ते आज्जीचं येगळं हाय."

तिच्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाला रीत समजावून सांगावी तसं ती सांगत होती. माझा लाटण्यावरचा हात थांबला.

आता जे लिहिते ते मी मिलिंदलाही सांगितलेलं नाही. ते ताट मी फक्त तिच्या सोयीसाठी आणलं नव्हतं. माझ्या बाकीच्या प्लेटा वाचाव्यात, हेही होतं मनात. थोडं होतं, पण होतं. आणि आईनं नेमकं ते थोडं ओळखलं. तिच्या आयुष्यात लोकांनी तेवढंच ओळखायला तर तिला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताट खिडकीतून उचलून आत ठेवलं आणि तिच्यापुढे वेलीची प्लेट मांडली. ती उठली, कपाटातून ताट काढून आणलं, प्लेटमधला भात त्यात ओतून घेतला. "ऱ्हाऊ दे सुमे. मला ह्यातच बरं पडतं." चिडली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. तिनं भांडायला जागाच ठेवली नाही. अजून तीन आठवडे होते. मी रोज ठरवायचे, आज बोलू. रोज ड्युटी, रोज दमणूक, आणि खरं म्हणजे रोज भीती. विमानतळावर शेवटी धीर करून म्हणाले, "आई, ते ताट मी..."

"पासपोट कुटंय माझा? बघ बरं," ती म्हणाली आणि पिशवी चाचपायला लागली. पासपोर्ट तिच्या हातातच होता.

नंतर फोनवर भात कसा आलाय, दादाच्या पोराची परीक्षा, वहिनीची कंबर, सगळं बोलणं व्हायचं. ताट कधी निघालं नाही. मी मनात म्हणायचे, डिसेंबरात जाऊ तेव्हा शेजारी बसून सांगू. डिसेंबर यायच्या आधीच एका सकाळी दादाचा फोन आला. आई अंगणात झाडू मारताना बसली ती उठलीच नाही. मी पोचले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

जलदानविधीच्या दिवशी वस्ती जमली. वंदना झाली, जेवणं झाली. मी बायकांमध्ये बसले होते. हिरामावशी, आईच्या बरोबरीनं बंगल्यांवर काम केलेली, माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सुमे, तुझी आय तिकडनं आली अन् दारोदार सांगत सुटली बघ. लेकीच्या घरी कपाटभर नक्षीची ताटं हायेत, पण मला त्यात जेवाय अवघड पडाय लागलं तर लेक दोन गाड्या बदलून गेली अन् माझ्यासाठी नवंकोरं ताट घेऊन आली. म्हणायची, एवढं कोण करतं गं आईसाठी?"

"व्हय, आमाला बी सांगितलेलं," दुसरी म्हणाली. तिसरीनं डोळ्याला पदर लावला. दादा दारात उभा होता, त्याच्या तोंडावर बहिणीचा अभिमान मला स्पष्ट दिसला.

मला ओरडून सांगायचं होतं की बायांनो, ती तुमच्याशी खोटं बोलली. तिनं ते ताट रोज वेगळं पालथं घातलं. ती ज्याला आयुष्यभर भ्याली ते मी, तिच्या पोटच्या पोरीनं, तिच्या पुढ्यात मांडलं, आणि ते गावात कुणाला कळू नये म्हणून ती दारोदार हे सांगत फिरली. माझी अब्रू झाकायला, त्या वयात, दुखऱ्या गुडघ्यांनी. पण "व्हय मावशी," एवढंच म्हणाले आणि रडले. त्यांना वाटलं आईसाठी रडते.

बाहेर पडलेली माणसं एकमेकांना विचारतात, तुझं घर आता कुठलं? इकडचं की तिकडचं? मी मळवली म्हणते. वर्षा-दोन वर्षांनी जाते, आणि प्रत्येक खेपेला कुणीतरी नव्या सुनेला बोलावून माझ्याकडे बोट करून म्हणतं, हीच ती, आईसाठी ताट आणणारी. मी मान डोलावते. मळवलीत मी चांगली लेक आहे. आईनं तसं सांगून ठेवलंय. तसं नव्हतं हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं, आणि आता ते मला एकटीलाच ठाऊक आहे.