उतारावरचे सोळा

मोठी गाडी घेतलेल्या माणसाला तिच्याविषयी काही विचारू नये. तो खरं बोलत नाही. बोलू शकतच नाही, कारण खरं बोलला तर गाडी का घेतली हेही सांगावं लागेल. हे मी अधिकारानं सांगतो. घेतल्यापासून कित्येक महिने मी स्वतः त्या गाडीविषयी एक अक्षर खरं बोललो नव्हतो.

माझं मोताळ्याला बी-बियाणं आणि औषधांचं दुकान. बीटी कापसाची पाकिटं लोक रांगा लावून नेत होते त्या तेजीत मला वाटलं, आता आपल्यालाही उंच व्हायला हवं. म्हणून मी ती मधल्या आकाराची एसयूव्ही घेतली. मधल्या आकाराची म्हणजे कार म्हणावी तर पार्किंगला जड, जीप म्हणावी तर शेताच्या धुऱ्यावर पोट घासणारी. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा बायकोनं दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारलं, "अहो, हिच्यात किती पोते बसतात?"

"पोती टाकायला नाही घेतली."

"मंग काऊन घेतली?"

उत्तर म्हणून मी तिला छत दाखवलं. वर काचेचं छत होतं, बटण दाबलं की सरकायचं. आमच्या जिल्ह्यात वरून येतं ते ऊन नाहीतर धूळ, आणि दोन्ही आत घ्यायला मी जास्तीचे पैसे मोजले होते.

त्याच गाडीच्या मालकांचा एक व्हॉट्सॲप गटही होता. मी त्यात अभिमानानं शिरलो. तिथे रोज सकाळी कुणीतरी गाडीचा फोटो टाकी आणि खाली लिही, "एकदम मख्खन." ज्याची क्लच प्लेट जळाली होती तोही लिही, "बाकी मख्खन." जो तीन आठवडे वर्कशॉपच्या दारात बसून होता तो लिही, "सर्व्हिसवाले स्वभावानं चांगले आहेत." दुसऱ्याला त्याच खड्ड्यात पडलेला पाहिल्याशिवाय ज्यांना झोप येत नाही अशी ही माणसं, आणि त्या सगळ्यांत मोठ्या आवाजात मख्खन म्हणणारा मी.

आमच्याकडे गाडीविषयी प्रश्न एकच असतो: ॲव्हरेज काय देते? रंग, एअरबॅग, संगीत, सगळं नंतर. मी सांगायचो, लिटरला सोळा. हे अगदीच खोटं नव्हतं. बुलढाण्याहून मोताळ्याकडे येताना मोठा घाट उतरावा लागतो. त्या घाटात मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून बसायचो आणि स्क्रीनवरचा आकडा चढताना बघायचो. बारा, चौदा, सोळा. सोळा आला की मोबाइल काढून फोटो. तोच गटावर, तोच दुकानात येणाऱ्याला. घाट चढताना तीच गाडी सात द्यायची. तेव्हा मी स्क्रीनवर गाण्यांची यादी लावून ठेवायचो.

इथपर्यंत माझा खोटेपणा निरुपद्रवी होता. मग चाचा आले.

चाचांचं घराणं पिंजाऱ्यांचं. तरुणपणी खांद्यावर धनुकली टाकून ते गावोगाव गाद्या पिंजत फिरले. आता तीन एकर कोरडवाहू शेती, पण कापूस दिसला की बोटं अजून आपोआप चिमटीला जातात. माझ्या वडिलांपासून बियाणं आमच्याच दुकानातून. पाकिटावरचं चित्र, कंपनीचा बोर्ड, कशावर त्यांचा विश्वास नाही. ते दुकानदाराचं तोंड बघतात. त्या जूनमध्ये नेमकं माझं तोंड दुसरीकडे होतं. मी दुकानासमोर पाठमोरा उभा राहून गाडीची काच पुसत होतो. चाचा मागे, हातात नव्या व्हरायटीचं पाकीट.

"शेठ, हे ॲव्हरेज काय देते?"

मी काच पुसता पुसता म्हणालो, "सोळा. डोळे झाकून."

"सोळा? अन् पाणी कमी-जास्त झालं तं?"

"गुडघाभर पाण्यातून निघते, चाचा. उंची बघा ना."

"उंची तं दिसूनच राह्यली. पण काया वावरात?"

"काळ्यात, मुरमात, कुठेही घाला."

"पक्कं?"

"फोटो आहे माझ्याकडे."

चाचांनी सहा पाकिटं घेतली. मला वाटलं, गाडीचं कौतुक करता करता माणूस बियाणंही घेऊन गेला, धंदा असा करावा. आमच्याकडे एकरी किती क्विंटल कापूस येतो त्यालाही ॲव्हरेजच म्हणतात, व्हरायटीही 'देते'च, हे मी, जन्मभर बियाणं विकणारा, फडकं हातात असल्यामुळे विसरलो.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली. जिच्यासाठी फवारा मारावा लागणार नाही असं आम्ही चार हंगाम छातीठोक सांगत होतो, तीच. ती लबाड. बोंड बाहेरून हिरवंगार, टपोरं, फोटो काढून गटावर टाकावं असं. आत अर्ध्या पाकळ्या पिवळ्या, चिकटून कडक झालेल्या. अशा कापसाला कवडी म्हणतात. वेचणारणीची नखं तुटतात, आणि गादीत भरला तर झोपणाऱ्याची पाठ.

दिवाळीनंतरच्या बाजाराच्या दिवशी चाचा दुकानात आले. बाकावर गिऱ्हाइकं बसलेली. चाचांनी कवडीचं एक बोंड काउंटरवर ठेवलं.

"हे तुह्ये सोळा."

"कसले सोळा, चाचा?"

"एकरी. तू सांगतलं होतं. डोये झाकून."

बाकावरची माणसं सरसावून बसली. मला जूनमधलं हातातलं फडकं आठवलं आणि, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. सुटलो! मी मोठ्यानं हसून म्हणालो, "अहो चाचा, ते मी गाडीचं सांगितलं होतं! तुम्ही गाडीचं विचारलं असं वाटलं मला."

चाचांनी दुकानासमोरच्या गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाडी देते सोळा?"

"हो... म्हणजे..."

बाकावरून एक जण म्हणाला, "काहून मस्करी करता शेठ. परवा मेहकरले गेल्तो ना संगं. दोनदा पेट्रोल टाकलं तुमी."

"म्हणजे उतारावर देते," मी म्हणालो.

जे हसू फुटलं ते अजून माझ्या कानात आहे. एका खोट्यातून निसटायला मी दुसऱ्या खोट्याच्या दारातून बाहेर पडलो होतो, आणि त्या दाराबाहेर अख्खा बाजार उभा होता. त्यात विनोद असा, की आपल्या भाषेत पिकाच्या येण्याला जुना, चांगला शब्द आहे: उतारा. चाचा उताऱ्याचं विचारत होते आणि मी उतारावरचं सांगत होतो.

फक्त चाचा हसले नाहीत. ते म्हणाले, "पह्यल्या वेच्याचा कापूस एकदम साफ होता. इकून टाकला. म्हटलं सोळा येऊन राह्यलं, मागचा गादीले ठेवू."

तेव्हा मला कळलं काय झालंय ते. माघात त्यांच्या नातीचं लग्न होतं. गावातल्या निम्म्या लोकांच्या गाद्या भरणाऱ्या त्या घरात एक रीत होती: लेकीची गादी विकतच्या कापसाची नाही, आपल्या वावरातल्या, घरच्यांनी वेचलेल्या, म्हाताऱ्यानं स्वतः पिंजलेल्या कापसाची. आणि आता वावरात होती ती कवडी.

मी विचार न करताच म्हणालो, "चाचा, माझ्या वावरातला न्या. जितका लागेल तितका."

"तू काय पेरलं?"

मी खाली बघितलं. "सोयाबीन."

"तू इकतं कापूस अन् पेरतं सोयाबीन?" चाचा बाकाकडे वळले. "आयकलं बे? आता नातीच्या गादीत सोयाबीन भरू काय मी?"

घरी बायकोला सांगितलं. वाटलं, ती तरी माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "तुमाले बोललेलं निस्तरता येत नाही, तं गाडी पुसताना तोंड बंद ठेवत जा. आता घेऊन जा त्यायले, जिथं साफ कापूस भेटन तिथं."

चाचांना मेहकरकडच्या जानेफळची एक मावशी आठवली. तिच्याकडे ते दर वर्षी गाद्या पिंजायला जायचे. ती पहिला वेचा कधी विकत नाही, भाव चढेपर्यंत घरात ठेवते. विकतचा कापूस चालणार नव्हता, पण बदल्याचा चालेल असा चाचांनी रीतीतून मार्ग काढला: मावशीच्या घरच्या सगळ्या गाद्या त्यांनी लग्नानंतर पिंजून द्यायच्या, बदल्यात ती कापूस देईल. "घाम माह्याच लागन ना त्याले," ते म्हणाले. निघताना त्यांनी मला पंपावर थांबवलं. "टाकी काठोकाठ भर. येतानी परत भरू. पाहू दे तुह्ये सोळा."

घाट चढताना मी नेहमीसारखी गाण्यांची यादी लावायला हात नेला. चाचांनी तो बाजूला केला. सात. चिखलीपर्यंत त्यांची नजर स्क्रीनवरून हलली नाही. वाटेत त्यांनी गाडीविषयी जी मतं दिली ती कोणत्याही गटावर मी वाचली नाहीत. सीट मऊ आहे पण खोटी, आत फोम आहे, दोन वर्षांत बसन. काच इतकी मोठी काऊन, बाहेर पाह्यचं हाये का सोताले दाखवाचं? आणि गिअर बदलताना मी खांदा उडवतो तो कोणासाठी? मला सगळ्यांची उत्तरं माहीत होती.

मावशीनं अंगणात बाजेवर बसवलं, चहा दिला आणि कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडलं. आत भिंतीला लागून पांढराशुभ्र कापूस. चाचांनी चिमूट उचलली, दोन अंगठ्यांत ओढली, धागा उजेडात धरला. इतका वेळ जो माणूस मला टोचत होता, तो आता त्या धाग्यावरून बोट फिरवत बसला.

मावशीच म्हणाली, "पोट्टीले सांग, जानेफळची गादी हाये. भांडण झालं तं पाठ फिरवून झोपता येते, टोचत नाही."

जुन्या लुगड्यांत बांधून सहा गाठोडी झाली. मागची सीट पाडली, चार बसली. पाचवं पुढे चाचांच्या मांडीवर. सहावं कुठेच जाईना. शेवटी मी बटण दाबलं, काचेचं छत सरकलं आणि सहावं गाठोडं अर्धं वर, अर्धं आत असं बसवलं. पोती किती बसतात या बायकोच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं, आणि त्या छताचा पहिला उपयोगही.

परतताना बुलढाण्याच्या पुढे घाट लागला. ऊन कलतं होतं, गाडीत कापसाचे तंतू उडत होते, माझ्या मिशीला, स्टिअरिंगला, एसीच्या जाळीला. स्क्रीनवरचा आकडा चढायला लागला. बारा. चौदा. चाचांनी गाठोड्याच्या आडून मान काढली.

"सोळा आलं बे!"

"धरू नका, चाचा. उतार आहे."

त्यांनी मान परत गाठोड्याआड घेतली. मग हळूच म्हणाले, "एवढंच जूनमधी सांगतलं असतं तं?"

पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. हिशेब चाचांनीच बोटांवर केला. अकरा. पंपावरच्या माणसाला त्यांनी तो ओरडून सांगितला, मी तिथेच उभा असताना.

गादी माघाआधी झाली. गाडी दाखवायला मी गटावर शेवटचा फोटो टाकला तो छतातून गाठोडं बाहेर आलेला. खाली लिहिलं, "अकरा. चढावर सात." दुसऱ्या दिवशी मला गटातून काढलेलं होतं.

पुढच्या जूनमध्ये चाचा आले. मी काउंटरमागे होतो, तरी त्यांनी आधी माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं. मग पाकीट उचललं.

"किती देते?"

"पाणी नीट झालं तर पाच. सहा आलं तर नशीब. आणि पहिला वेचा विकू नका."

"हे चढाचं सांगून राह्यला का उताराचं?"

"चढाचं."

"मंग दे," ते म्हणाले, आणि माझ्या शर्टाच्या कॉलरवरून कापसाचा एक तंतू उचलून त्यांनी चिमटीत ओढून पाहिला. गाडीत एसी लावला की जाळीतून ते अजून निघत होते.