गेलो आजारी बघायला, बसलो पोरगी बघायला

चूक सिंधूमावशीची. आडपडदा न ठेवता आधीच नाव घेतो, म्हणजे शेवटी तुम्ही माझ्याकडं बोट दाखवायला नको. दाखवालच म्हणा! पण ऐका तर खरं.

डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडून मी घरी बसलो होतो. म्हणजे बसू देतंय कोण? आमच्या पारावरचा प्रत्येक म्हातारा माझा करिअर सल्लागार. स्वतः जन्मभर बांध कोरला आणि भावकीत भांडला, आणि मला विचारणार, "पुढं काय ठरवलंयस रं?" या जमातीचा मला मनापासून राग. आणि नशीब कसलं बघा, नोकरी मिळाली ती म्हाताऱ्यांनाच शिकवायची!

कराडकडची एक संस्था. साठीच्या पुढची, हातात पैसा नसलेली माणसं गोळा करायची, त्यांना ट्रेनिंग द्यायचं आणि कामाला लावायचं. काम काय, तर गावोगावी जे एकटे, अंथरुणाला खिळलेले असतात त्यांच्या घरी जायचं. बीपी बघायचं, गोळ्या द्यायच्या, कूस बदलायची, चार शब्द बोलायचे. महिन्याला मानधन. थोडक्यात, म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांना सांभाळायचं, आणि मी तात्पुरता सुपरवायझर. प्रॅक्टिकल नीट पार पडलं की माझ्या बॅचला काम आणि मला कायम जागा.

बॅचमध्ये गणपाआण्णा होता, कारखान्यावर पोती उचलून पाठीचं धनुष्य झालेला. आणि सिंधूमावशी. तिचा जन्म दुसऱ्यांच्या उसात खुरपं घेऊन तण भांगलण्यात गेला. गुडघे गेले तसं रान सुटलं. पोरगा जेवायला घालतो, पण ताट आदळून. एकदा मी वैतागून विचारलं, "मावशी, या वयात कशाला हवंय हे?"

"माझ्या पैशाची चापूड माझ्या हातानं टाकायची हाय च्यात. कळलं?"



प्रॅक्टिकल ठरलं उंब्रजच्या आत, डोंगराकडच्या एका गावात. पेशंट रिटायर सुभेदार जाधव. संस्थेच्या मोठ्या मॅडमनी आम्हाला कुणालाच अजून बघितलेलं नव्हतं; त्या परस्पर तिथं येऊन बसणार आणि मार्क देणार. संस्थेनं निळे एप्रन दिले होते. सकाळी बघतो तर काय! गणपाआण्णाच्या डोक्याला गुलाबी फेटा. मावशी इरकली लुगड्यात, पिशवीत नारळ.

"आवं मावशी, एप्रन कुठाय?"

"आजाऱ्याच्या दारात फडकं गुंडाळून जायचं व्हय रं? आणि रिकाम्या हातानं? तू बी दाढी कर जा, भूत दिसतोयस."

केली दाढी. मॅडम येणार म्हणून इस्त्रीचा पांढरा शर्टही घातला. आता तुम्हीच सांगा, हा ऐवज जीपमधनं एखाद्या गावात उतरला तर गावाला काय वाटेल?

पारावर एकजण तंबाखू मळत होता. मी म्हटलं, "जाधवांचं घर कुठंय?" अख्खं गाव जाधवांचं! पुढं 'सुभेदार' म्हणायला तोंड उघडतोय, तोवर त्यानं फेट्याकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, माझ्या शर्टाकडं बघितलं आणि गालातल्या गालात हसला.

"कळलं, कळलं! वाटच बघत्यात तुमची. दाराम्होरं मोठी रांगोळी हाय बघा."

खरंच होती. घरमालक हात जोडून उभा. पाय धुवायला पाणी, पुसायला कोरा टॉवेल, बसायला गादी. मी मनात म्हटलं, वा! संस्थेला काय मान आहे राव! मॅडम दिसत नव्हत्या, पण म्हटलं येतील.

गणपाआण्णा शिकवल्याप्रमाणं कामाला लागला. पहिला माणूस दिसला त्याच्या दंडाला पट्टा! घरमालक दचकला.

"आवं पावणं, आमच्या घराण्यात बीपी न्हाई कुणाला!"

"तरी बघू द्या की." यंत्र फुसफुसलं. "लय वाढलंय गड्या! कसलं टेन्शन घेताय?"

"पोरीच्या बापाला टेन्शन न्हाई, तर कुणाला असंल?"

इथं माझ्या डोक्यात पहिला किडा वळवळला. तेवढ्यात आतनं पदर सावरत एक मुलगी आली. हातात ट्रे. ट्रेमध्ये पोहे. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड.

आता शहाणा माणूस काय करेल? उठेल, हात जोडेल, म्हणेल चुकलो. मी बशी घेतली.

हसू नका! आमच्या भागात चांगल्या बागायतदाराला पोरगी मिळेना झालीय. डिप्लोमा सोडलेल्याला कोण विचारतं? माझ्या नावानं आजवर कुणी कांदा चिरला नव्हता हो!

"पावणं काय करत्यात?" बापानं विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत गणपाआण्णा म्हणाला, "सुपरवायझर हाय. आमी समदी त्याच्याच हाताखाली."

बाप हरखला. "एवढी पिकली पानं हाताखाली! म्हंजे मोठाच साहेब."

मी मान खाली घालून पोहे चावत राहिलो. विनयानं.

एवढ्यात लक्षात आलं, सिंधूमावशी जागेवर नाही. ती माजघराच्या पलीकडं बंद दाराला कान लावून उभी.

"तिकडं नगा जाऊ मावशी," बाप धावला. "अडगळ हाय तिथं."

"अडगळ खोकती व्हय?" म्हणत मावशीनं कडी काढली.

आत खाटेवर घराची म्हातारी. त्या बापाची आई. पाहुण्यांपुढं नको म्हणून त्या दिवसापुरती आत सारलेली. अंथरूण ओलं.

मावशीनं इरकली लुगड्याचा पदर खोचला. "गणपा, हिकडं ये. कूस बदलायची हाय. आणि ए पोरी, ऊन पाणी आण." गणपानं फेटा काढून खुंटीला अडकवला आणि त्याच वाकड्या पाठीनं म्हातारीला असं अलगद उचललं, की वाटलं काचेचं भांडं आहे. पुसलं, कपडे बदलले, केस विंचरले, आणि तिला आणून गादीवर बसवलं. अगदी मधोमध. मी वर्गात फळ्यावर जे खरडलं होतं, त्यात हे कुठंच नव्हतं. मी ज्यांना टाकाऊ समजत होतो ती माणसं घाण काढत होती आणि मी लिंबू पिळत होतो.

"घरच्या थोरल्या माणसाला लपवून पोरगी दाखवताय?" मावशी बापाला म्हणाली. "उद्या तुमच्या पोरीला कुणी असं कोंडलं, तर?"

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मी कालपासून हेच सांगतेय."

आणि अंगणात मॅडम!

त्यांच्या मागं घामाघूम पाच-सहाजण. ती खरी पाहुणेमंडळी. विट्याची, लांब मद्रासकडं जुनं सोनं गाळायचा, गलाईचा धंदा करणारी. जीन्स, गॉगल, हातात बायोडाटाची फाईल. पारावरच्या त्या शहाण्यानं त्यांच्या अवताराकडं बघून ठरवलं, ही संस्थेची माणसं, आणि धाडलं सुभेदारांकडं! तिथं मॅडमनी नवऱ्यामुलाच्या बापाला बीपी बघायला लावलं, आईला गोळ्या द्यायला लावल्या आणि नवऱ्यामुलाकडनं सुभेदारांची चादर बदलून घेतली. स्थळ फार कडक दिसतंय, असं समजून बिचारे करत गेले. शेवटी नवऱ्यामुलाच्या बापानं भीत भीत विचारलं, "आता मुलगी बोलावताय ना?" तेव्हा उलगडा झाला.

मॅडमनी आधी म्हातारीकडं बघितलं. तिचा हात सिंधूमावशीच्या हातात होता आणि दोघी सुनांच्या नावानं बोटं मोडत होत्या. मग माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात दुसरी बशी.

"तुम्हाला घोटाळा कळला कधी?"

"पोहे आले तेव्हा."

"आणि सांगितला नाहीत?"

"संपल्यावर सांगणार होतो, मॅडम."

बॅच पास झाली. गणपाआण्णाला सुभेदारांच्या घरचं काम मिळालं. चादर बदलणारा नवरामुलगा त्या मुलीला पसंत पडला. मॅडम म्हणाल्या, बंद दारामागचं ज्याला ऐकू येतं, त्यानंच इतरांवर लक्ष ठेवावं, आणि माझी सुपरवायझरची जागा सिंधूमावशीला दिली. मी तिची जीप चालवतो.