न भरलेली ओटी

सून रुसून माहेरी गेली की सासूने ओटी घेऊन जायचं आणि ओटी पदरात पडली की सुनेने मुकाट उठायचं, ही रायपूरच्या टिकरापाऱ्यातल्या शारदाबाईंच्या घरची रीत. ‘रुसून’ हा शब्द सगळ्यांच्या सोयीचा होता. गालावर बोटं उमटलेली असली तरी सून रुसलेलीच असे. शारदाबाईही नवेपणी अशाच रुसून माहेरी जात. मग सासूबाई वर्ध्याला येत, पुरुष बाहेर पावसापाण्याचं बोलत, आत तांदूळ-नारळ पदरात पडे आणि शारदाबाई पुन्हा रायपूरच्या गाडीत.

नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झालं तसे त्यांचे यजमान शालिग्राम कलेक्टर कचेरीतून मंत्रालयात गेले. घरात मात्र भिंतीच्या रंगापासून पोराच्या लग्नापर्यंत सगळं तेच ठरवत. शारदाबाई भाजी ठरवत, तीही त्यांना आवडणारी.

सून मंजिरी समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसे. डॉक्टरांनी संध्याकाळची पाळी विचारली, ती हो म्हणाली आणि घरी येऊन तिने ते सहज सांगितलं. तिचा नवरा विशाल ताटावरून उठला.

“मुझसे पूछा?” म्हणत त्याने तिच्या कानाखाली दोन वाजवल्या. शारदाबाई पोळी लाटत होत्या. त्यांनी लाटणं खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

सकाळी मंजिरी शहरातच तात्यापाऱ्याला माहेरी निघून गेली.

डाळ निवडता निवडता शारदाबाई तिची चूक शोधू लागल्या. उलट बोलली? नाही. स्वयंपाक बिघडवला? तोही नाही. न सांगता कुठे गेली? नाही. आणि यातलं काही केलं असतं तर मार चालला असता का, असं मनात आलं आणि त्यांचा हात सुपातच थांबला. इतकी वर्षं त्या हो म्हणत आल्या होत्या. स्वतःच्या बाबतीतसुद्धा.

रविवारी शालिग्रामांनी पंडरीच्या कापडबाजारातून साडी आणली, गोल बाजारातून नारळ. “चाल, पोट्टीले घेऊन येऊ,” म्हणाले. विशालही नवा शर्ट घालून बरोबर निघाला.

तात्यापाऱ्यात विहीणबाई, सरोजिनी, पाट मांडून तयारच होत्या. मंजिरीची बॅगही भरून दाराशी ठेवलेली. मंजिरी पाटावर बसली, पदर पुढे केला. शारदाबाईंनी तांदळाची ओंजळ घेतली आणि तशाच थांबल्या.

“मंजिरी, तुले घरी याचं हाये का?”

सरोजिनीबाई हसल्या. “असं कोणी इचारते का विहीणबाई! भरा ना तुम्ही. मुहूर्त लागते का याले?”

“मी तिले इचारून राहिली.”

मंजिरीने मान वर केली. “घर आना है, मम्मी। पर अभी उनके साथ नहीं रहना।”

“अगं, लोक काय म्हणतीन?” सरोजिनीबाईंचा चेहरा उतरला. “एवढ्यातेवढ्यावरून...”

“एवढं-तेवढं मी लई पदरात घेतलं, विहीणबाई,” शारदाबाई म्हणाल्या आणि ओंजळ पिशवीत परत ओतली.

बाहेरून शालिग्रामांचा आवाज आला, “झाली का ओटी?”

“नाही भरली.”

ते दारात आले. मागे विशाल आणि मंजिरीचे वडील. “काहून?”

“तिले विशालसोबत राहाचं नाही. घरी याचं हाये. म्हणून विशाल दुसरीकडे खोली पाहीन. तो गेला की तिले न्यायले मी येईन.”

“मुझे घर से निकालोगी?” विशाल हसलाच.

“हव.”

त्याचं हसू विरलं. शालिग्राम लाल झाले. “मले न इचारता हे कोणी ठरवलं?”

शारदाबाई पाटावर सुनेशेजारी बसल्या. “मी,” म्हणाल्या. “तुम्हाले पटत नसन तर मीबी इथंच राहते. सरोजिनीबाई, दोन दिवस जेवू घालसान ना?”

सरोजिनीबाई कधी नवऱ्याकडे बघत, कधी व्याह्यांकडे. शेवटी हळूच म्हणाल्या, “घालीन.”

दोन दिवसांचा आठवडा झाला. शालिग्रामांनी खिचडी करून पाहिली, शेजारी हिरालालकडे जेवून पाहिलं, रोज फोनवर ओरडून पाहिलं. “विशाल गेला का?” एवढंच शारदाबाई विचारत आणि फोन ठेवत. विशाल उरला भागात एका कारखान्याजवळ मित्राच्या खोलीवर गेला, तेव्हा दोघी रिक्षातून घरी आल्या. मंजिरीने संध्याकाळची पाळी सुरू केली. शालिग्राम महिनाभर बायकोशी बोलले नाहीत. शारदाबाईंनी त्या शांततेत निवांत झोप काढली.

एका रविवारी कडी वाजली. “आई, मी आहे.” एरवी हिंदी बोलणारा विशाल आज मराठीत बोलत होता. शालिग्राम उठू लागले. शारदाबाईंनी हातानेच त्यांना बसवलं आणि स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, “मंजिरी, उघडू काय?”

आत मंजिरीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

“आज नाही, मम्मी.”

शारदाबाई दाराशी गेल्या. पोराचा श्वास फळीपलीकडे ऐकू येत होता.

“आज नाही, विशाल,” त्या म्हणाल्या. “खिडकीशी ये. डबा देते.”