चाळिसाची अट

पडदा वर जातो तेव्हा लोणंदला बादशहाच्या गॅरेजात एक निळी जुनी मॉरिस ऐटीत उभी असते. तिचं वेगाचं मीटर मात्र टेबलावर उघडं पडलेलं. शेजारी एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर धोंडीराम लवटे, म्हणजे तात्या, घाम पुसतायत. बाकावर त्यांच्या पत्नी अंजनाबाई, मांडीवर पिशवी.

मैलांच्या मीटरसाठी लेकीनं हौसेनं किलोमीटरची तबकडी पाठवली होती. ती बसली की तात्यांचं राज्य संपणार होतं. "काटा चाळिसाच्या वर गेला की मी उतरंन," ही अंजनाबाईंची अट त्यांनी बावीस वर्षं इमानानं पाळली होती. ते चाळीस मैल म्हणजे चौसष्ट किलोमीटर होतात, एवढंच सांगायचं राहून गेलं होतं.

"जुनीच बसीव रं गड्या," तात्या कुजबुजले. "नवीनं गाडीची शोभा जाती."

"गाडीची का तुमची, तात्या?" बादशहानं डोळा मारला.

तेवढ्यात अंजनाबाई उठल्या. बाईंनी नवी तबकडी उचलली, न्याहाळली आणि सरळ पिशवीत टाकली.

"बादशहा, जुनीच बसीव. रस्त्याकडंचं किलोमीटरचं दगड मी पयल्या दिवसापास्नं घड्याळ लावून मोजतीय. मिनिटाला एक जातोय! पर नवी बसली तर हे खरंच चाळिसानं चालवत्याल, आन् मग मी कोयनानगरला माह्यारी जेवायला पोचायची कवा?"