चोवीस म्हणजे आठ सूत नाही

त्याने माझ्या गळ्यात तार घातली. तारेत लोखंडी बुश, म्हणजे जाड नळीसारखा तुकडा, ओवलेला, मीच सकाळी लेथवर आतून कोरलेला. मग पाळी सुटताना मला फाटकाशी उभं केलं. सायकली हातात धरून माणसं समोरून जात होती आणि फोरमन ओरडत होता, "देख लो भाई, उधर जवान मर रहे हैं, इधर ये लोहा बिगाड़ रहा है!"

मग माझ्याकडे वळून मराठीत, "मान वर कर. लोकांना तोंड दिसू दे."

फोरमन मराठीच. साऱ्या खात्याशी हिंदीत बोलायचा, 'आप' म्हणायचा. मराठी हेडक्लार्कला 'अहो'. मला 'तू'. मायबोलीतून मिळालेली शिवी जास्त आत जाते, हे मला जबलपूरच्या त्या लष्करी कारखान्यात कळलं.

माझा गुन्हा सांगतो. लेथ मी सुतात शिकलो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या कारखान्यात बापही सुतातच मोजायचा. लढाईच्या त्या वर्षांत नवे नकाशे आले, मिलिमीटरचे. ते माप शिकवायला जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागच्या खोलीत वर्ग निघाला. दारावर यादी. मॅट्रिक पास तेवढेच. आमच्या वस्तीतला एकही नाही.

मी विचारलं होतं, "साहेब, मला बसू द्या."

"चौथी शिकलेला ना तू? तुमच्या लोकांच्या हातात कसब असतं. हात चालव. डोकं आम्ही चालवू." वर हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बूढ़ा तोता राम-राम नहीं पढ़ता!"

मी एकतीस वर्षांचा होतो.

शेजारच्या लेथवरच्या रामदीनने सांगितलं, "भैया, तीन मिलीमीटर का एक सूत. बस." तोही ऐकूनच शिकलेला. नकाशात भोकाला चोवीस मिलिमीटर लिहिलं होतं. म्हणजे आठ सूत. म्हणजे एक इंच. कोरून टाकलं. पण इंच पंचवीसच्याही वर जातो. भोक मोठं झालं. लहान भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान होत नाही. अख्खा ट्रे भंगारात.

चूक माझ्या हातून झाली. नाकारत नाही. पण शिक्षणाला कुलूप ज्याने लावलं, त्याच्या गळ्यात तार कोण घालणार?

दुसऱ्या दिवशी त्याने कागद पुढे केला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे माल खराब झाला.'

"सही कर."

"काहून करू?"

तो हसला. "काहून म्हणे! आधी मराठी तरी शीक."

"शिकवा," मी म्हणालो. "तेच तर मागून राहिलो."

त्याचं हसू गेलं. "लढाई चालू आहे. अशा वेळी अडवणूक म्हणजे देशद्रोह. नोकरी जाईल तुझी."

घरी चार तोंडं होती. मी कागद उलटा केला आणि पेन्सिलीने लिहिलं, 'मला माप शिकवलं नाही. मागितलं तरी शिकवलं नाही.' वेळ लागला. अक्षरं वाकडी आली. खाली सही केली.

जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला. मी सरळ वर्गात गेलो. बाकं भरलेली. मास्तर म्हणाला, "नाम है लिस्ट में?"

"नहीं."

"बाहेर हो!" फोरमन माझ्या पाठोपाठ आला होता.

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. रामदीनने दारातून पाहिलं आणि निघून गेला. मास्तरने खडू उचलला. फळ्यावर एक इंच मोठा करून काढला आणि त्याचे पंचवीस भाग करून वर थोडी जागा उरवली. मी पाहून घेतलं.

आठवड्याच्या आत मला लेथवरून काढून भंगाराच्या ढिगावर टाकलं. तिथूनही मी रोज सुट्टीत त्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो.

मापं पुन्हा बदलतील. नवी यंत्रं येतील, आणि कोणीतरी दारावर पुन्हा यादी डकवेल. माझं नाव त्यात नसेल. तरी मी आत शिरेन. साठीत शिरेन, सत्तरीत शिरेन. बाहेर काढायचं असेल तर चार माणसं आणा.